समुद्रावर गळ टाकायचाय, पण लाईन कोणती घेऊ?

पुण्याहून कोकणात गळ टाकायला निघालेल्या नवख्या माणसाचा दुकानातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती पौंडाची घेऊ? दुकानदारही वीस-तीस असा एखादा आकडा सांगतो आणि रीळ भरून देतो. गोंधळ इथूनच सुरू होतो. किनाऱ्यावरून लागलेला मासा निव्वळ वजनाने लाईन तोडतो असं क्वचितच घडतं. लाईन तुटते ती घासून. कातळाच्या कडेवर, कालवांच्या शिंपल्यांवर, तिवरांच्या मुळांवर, जिताड्याच्या कल्ल्याच्या धारेवर, सुरमईच्या दातांवर. नाहीतर मग गाठीत. तेव्हा पौंड विचारण्याआधी एवढंच विचारायचं की ही लाईन कशाकशावर घासणार आहे. त्याचं उत्तर मिळालं की बाकीची निवड बरीच सोपी होते.

धरणाच्या गोड्या पाण्यावर शिकलेल्यांना हे चटकन पटत नाही. तिथे तळाला गाळ, कडेला गवत, फार तर एखादं बुडालेलं झाड. एकच लाईन रिळापासून गळापर्यंत सरळ बांधली तरी निभावतं. ताम्हिणी उतरून दिवेआगर-श्रीवर्धनकडे गेलात किंवा दापोलीमार्गे हर्णै-आंजर्ल्याला पोचलात, की पाण्याखाली सगळं धारदारच असतं. शिवाय भरती-ओहोटीचा ओढ, वारा आणि मीठ.

बाजारात लाईनचे प्रकार मुळात तीनच. डब्यांवरची नावं कितीही असोत, आत या तिघांपैकी काहीतरी असतं.

पहिला म्हणजे आपला जुना तंगूस, मोनोफिलामेंट. नायलॉन वितळवून बारीक छिद्रातून ओढतात, सोऱ्यातून शेव पाडावी तसं, आणि एकसंध धागा तयार होतो. नायलॉन अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३५ साली तयार झालं, १९३८ मध्ये जाहीर झालं आणि त्यानंतर वर्षभरातच त्याच्या फिशिंग लाईन येऊ लागल्या. त्याआधी रेशीम, कापूस, लिनन हीच साधनं होती, आणि ती दर वेळी वाळवावी लागत. मोनोचा मोठा गुण म्हणजे ताण सोसण्याची सवय. ओढला की तो लांबतो, तुटायच्या आधी वीस-पंचवीस टक्केसुद्धा ताणला जातो. दोष दोन. पाण्यात भिजला की नायलॉन थोडं पाणी शोषतं आणि त्याची ताकद दहा टक्क्यांच्या आसपास उतरते. आणि स्पूलवर, म्हणजे रिळाच्या लाईन गुंडाळायच्या चकतीवर, महिनाभर गुंडाळून पडला की त्याला स्प्रिंगसारखे वळसे पडतात. पुणेकरांसाठी हा दुसरा दोष लहान नाही, कारण आपलं रीळ बहुतेक काळ कपाटातच असतं. मोनो वापरत असाल तर निघायच्या आदल्या रात्री स्पूल तासभर पाण्यात बुडवून ठेवा आणि किनाऱ्यावर पोचल्यावर वरची तीसेक मीटर लाईन कशाला तरी बांधून एकदा चांगली ताणून घ्या. वळसे बरेच सुटतात.

दुसरा प्रकार फ्लोरोकार्बन. दिसायला मोनोसारखाच, पण पदार्थ वेगळा. त्याचं नाव पीव्हीडीएफ. जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ मध्ये त्याची लाईन बाजारात आणली. हा पाणी शोषत नाही, कडक असतो आणि पाण्याच्या पावणेदोन पट जड असल्यामुळे बुडतो. त्याची सगळ्यात मोठी जाहिरात म्हणजे ‘पाण्यात दिसत नाही’. यात भौतिकशास्त्र आहे, पण अर्धंच. प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना किती वळतो याचा एक आकडा असतो, अपवर्तनांक. पाण्याचा १.३३, फ्लोरोकार्बनचा १.४२, नायलॉनचा साधारण १.५३. आकडे जितके जवळ, तितकी वस्तू पाण्यात कमी उठून दिसते. म्हणजे फ्लोरो नायलॉनपेक्षा कमी दिसतो हे खरं, पण अदृश्य मुळीच नाही. आणि बाणकोटच्या किंवा दाभोळच्या खाडीत, जिथे हातभर खोलीवर आपलाच लुअर, म्हणजे नकली आमिष, दिसेनासा होतो, तिथे या गुणासाठी जादा पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही. थंडीत, पावसाळ्याचा गाळ बसून पाणी नितळल्यावर, कातळावरून गळ टाकत असाल तर गोष्ट वेगळी. मुख्य लाईन म्हणून संपूर्ण रीळ फ्लोरोने भरू नका, हे मात्र ठामपणे सांगेन. ती ताठ असते, स्पूलवर नीट बसत नाही आणि फेकताना भसाभस सुटते. फ्लोरोची जागा शेवटच्या दीड-दोन मीटरमध्ये.

तिसरा प्रकार ब्रेडेड लाईन. पॉलिइथिलीन म्हणजे आपल्या पिशव्यांच्याच कुळातलं प्लास्टिक. पण त्याचे अतिशय लांब रेणू एका दिशेला सरळ ओढून धागा केला, की तो पोलादालाही लाजवतो. ही युक्ती नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीत १९७९ च्या सुमारास सापडली; डायनीमा हे नाव तिथलं. असे चार किंवा आठ धागे विणून लाईन बनते. जाडीच्या मानाने ताकद प्रचंड. वीस पौंडाचा मोनो साधारण ०.४० ते ०.४५ मिमी जाड असतो, तर वीस पौंडाची ब्रेडेड त्याच्या जवळपास निम्मी. ती जवळजवळ ताणली जात नाही, पाणी पीत नाही, वळसे धरत नाही आणि पाण्यापेक्षा किंचित हलकी असल्यामुळे तरंगते.

निम्म्या जाडीचा फायदा फक्त लांब फेकण्यापुरता नाही. खाडीत ओहोटीचा ओढ लागला की पाणी लाईनला ढकलत राहतं, आणि हा ढकलणारा जोर लाईनच्या जाडीच्या प्रमाणात असतो. जाडी निम्मी, तर जोरही निम्मा. म्हणून जिथे मोनोला ऐंशी ग्रॅमचं शिसं लावूनही आमिष वाहत जातं, तिथे ब्रेडेडवर बरंच हलकं शिसं तळ धरून बसतं. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पुनवेच्या किंवा अमावास्येच्या आसपास, हा फरक हाताला स्पष्ट कळतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी मंद असतं, तेव्हा तो तितका जाणवत नाही.

ताणण्याचंही तसंच. चाळीस मीटरवर मोनो सोडलाय आणि मासा आमिषाला लागला. तुम्ही रॉड झटकलात. लाईन नुसती पाच टक्के लांबली तरी दोन मीटर झाली. तुमचा झटका तेवढ्यातच जिरून जातो. ब्रेडेडवर कोळंबीला शिंगाळ्याने नुसतं तोंड लावलं तरी बोटाला कळतं. पण हाच गुण मासा जवळ आल्यावर अंगावर येतो. जिताडा कडेपाशी उसळी मारून डोकं झाडतो, तेव्हा मोनोचा ताण झटका गिळतो. ब्रेडेडमध्ये गिळणारं काहीच नसतं, गळ सरळ तोंडातून निसटतो. म्हणून ब्रेडेड लावलीत तर ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की लाईन सोडणारा रिळाचा ब्रेक, थोडा सैल ठेवा आणि रॉड अगदी काठीसारखा ताठ घेऊ नका.

दुपारच्या वाऱ्याचा उल्लेख करायलाच हवा. शाळेत शिकलेले खारे वारे किनाऱ्यावर अकरा-बारानंतर प्रत्यक्ष तोंडावर येतात. हलकी ब्रेडेड त्या वाऱ्यात धनुष्यासारखी फुगते आणि सैल गुंडाळी रिळावर गेली की पुढच्या फेकीला गुंता ठरलेला. फेकल्यावर बेल, म्हणजे रिळावरची उघडमीट करणारी तारेची कडी, हाताने बंद करा, लाईन बोटांत धरून एकदा ताणा आणि मगच रीळ फिरवा. एवढी सवय लागली तर ब्रेडेडच्या निम्म्या तक्रारी राहत नाहीत.

डब्यावरचे आकडे

आता पौंडांकडे वळू. दहा पौंड म्हणजे साडेचार किलो, वीस म्हणजे नऊ, तीस म्हणजे साडेतेरा, चाळीस म्हणजे अठरा. हा आकडा म्हणजे लाईन किती वजनाला तुटते ते. ‘किती किलोचा मासा निघेल’ याच्याशी त्याचा थेट संबंध नाही, कारण पाण्यातला मासा आपण उचलत नसतो; ड्रॅगमधून लाईन सोडत सोडत त्याला दमवत असतो. शिवाय हा आकडा सगळे एकाच पद्धतीने छापत नाहीत. बऱ्याच लाईन छापलेल्यापेक्षा जास्त ताकदीच्या निघतात. विक्रमांच्या नोंदी ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था आयजीएफए मात्र लाईन भिजवून तपासते, आणि त्या हिशेबाने बनवलेली लाईन छापील आकड्याच्या आतच तुटायला हवी असते. म्हणून दोन कंपन्यांच्या वीस-वीस पौंडांची तुलना करताना मी आधी जाडी बघतो. जाडी वाढली की ताकद तिच्या वर्गाने वाढते. एकाच मोनोत ०.३० वरून ०.४० मिमी झालात तर ताकद पावणेदोन पटीच्या वर जाते. डोळ्यांना हा फरक जेमतेम दिसतो.

जपानी ब्रेडेडवर ‘पीई १’, ‘पीई २’ असं लिहिलेलं असतं. हा जाडीचा क्रमांक आहे. पीई १ म्हणजे सुमारे ०.१६५ मिमी, पीई २ म्हणजे ०.२३५ मिमी. क्रमांक दुप्पट झाला की जाडी दुप्पट होत नाही, साधारण चाळीस टक्क्यांनी वाढते. ताकद मात्र जवळपास दुप्पट होते. किनाऱ्यावरच्या कामाला पीई १.५ ते २ पुष्कळ झालं. चार धाग्यांची की आठ धाग्यांची? आठ धाग्यांची गोल आणि गुळगुळीत असते, रॉडच्या कड्यांतून आवाज न करता जाते आणि लांब जाते. चार धाग्यांची खरखरीत असते, पण तिचा एकेक धागा जाड असल्यामुळे घासणं जरा जास्त सोसते, आणि स्वस्तही पडते. फक्त लुअर फेकायचे असतील तर आठ. कातळावर आमिष टाकून बसायचं असेल तर चारचीही चांगली.

घासणार आहे तो तुकडा वेगळा

ब्रेडेडचा खरा कमकुवतपणा घासण्यात आहे. ताणलेली ब्रेडेड कालवांच्या कडेला नुसती टेकली तरी कापली जाते, कारण धाग्यांतले तंतू केसाहून बारीक असतात आणि एकेक करून तुटत जातात. त्यामुळे किनाऱ्यावर ती थेट गळाला कधीच बांधायची नाही. मधे लीडर हवा, म्हणजे जाड मोनोचा किंवा फ्लोरोचा दीड-दोन मीटरचा तुकडा. मुख्य लाईन फेकायचं आणि खबर पोचवायचं काम करते, घासणं लीडर सोसतो. दोन कामं वेगळी केली की एकाच लाईनकडून सगळं मागण्याची वेळ येत नाही.

लीडर किती जाड, हे मासा आणि जागा बघून ठरतं. जिताड्याचे दात कापणारे नसतात. तोंडाच्या आत खरखरीत सँडपेपरसारखा पट्टा असतो, तो लीडर हळूहळू झिजवतो. कापतं ते कल्ल्यावरचं झाकण, त्याची कड चाकूसारखी असते. त्याच्यासाठी चाळीस पौंड, बाणकोटच्या खाडीत तिवरांच्या कडेला बसत असाल तर पन्नास. तांबोशी आमिष घेतल्याबरोबर पहिल्या दोन सेकंदांत मुळांत किंवा कपारीत शिरते. तिच्याशी गंमत करत बसायची सोय नाही, तिलाही पन्नासच, आणि ड्रॅग नेहमीपेक्षा आवळलेला. हेकरूचं तेच. मोकळ्या वाळूच्या किनाऱ्यावर, दिवेआगर किंवा गुहागरसारख्या ठिकाणी, रावसासाठी पंचवीस-तीस पौंड पुरतो, कारण तिथे घासायला फारसं काही नाही. सुरमईच्या टापूत असाल तर मोनो-फ्लोरोचा वाद संपतो. तिचे दात कात्रीसारखे चालतात. लीडरच्या टोकाला वीतभर बारीक पोलादी वायर लावायची. वायरला मासे बिचकतात, म्हणून सुरमईची खात्रीशीर खबर नसेल तर ती काढून ठेवावी.

वाळूच्या किनाऱ्यावर जड शिसं लांब फेकणाऱ्यांना लीडरचा आणखी एक उपयोग आहे. फेकीच्या क्षणी सगळा धक्का लाईनवर येतो आणि शिसं सुटून गेलं तर शेजारच्याच्या डोक्यात जाऊ शकतं. जुना हिशेब असा की दर अठ्ठावीस ग्रॅम शिशाला दहा पौंडाचा लीडर. ऐंशी ग्रॅम म्हणजे तीस पौंड. हा लीडर रॉडच्या दुप्पट लांब ठेवायचा, म्हणजे फेकताना त्याचे काही वेढे रिळावरच राहतात आणि धक्का तोच झेलतो.

लीडर मोनोचा की फ्लोरोचा? गढूळ खाडीत मी सरळ जाड मोनो लावतो. मऊ असतो, गाठ चांगली बसते, स्वस्त असतो म्हणून बदलायला जीव कचरत नाही, आणि बदलणंच महत्त्वाचं आहे. प्रत्येक माशानंतर, प्रत्येक वेळी तळाला अडकून सुटल्यानंतर, गळाच्या वरचा हातभर लीडर अंगठ्याच्या नखावरून हळू ओढा. कुठे खरखर लागली, पांढुरका ओरखडा दिसला, की तेवढा कापून गळ पुन्हा बांधा. डोळ्यांना न दिसलेला ओरखडा नखाला कळतो. चाळीस पौंडाच्या लीडरवर एक खोल ओरखडा असला तर तो चाळीस पौंडाचा राहिलेला नसतो.

गाठ

ब्रेडेड आणि लीडर जोडायला आता बहुतेक जण एफजी गाठ वापरतात. ही खरं तर गाठ नाहीच. लीडर सरळ राहतो आणि ब्रेडेड त्याच्याभोवती आवळत जाते, त्यामुळे जोड बारीक होतो आणि कड्यांतून अडखळत नाही. ब्रेडेड दातांत किंवा रॉडच्या टोकाशी ताणून धरायची. लीडर तिच्यावरून एकदा वरून आणि एकदा खालून न्यायचा, वीसेक वेढे होईपर्यंत. वेढे एकमेकांना चिकटून, एकावर एक न चढता बसायला हवेत. मग ओलं करून दोन्ही बाजूंनी सावकाश पण जोर लावून ओढायचं. नीट बसली की ब्रेडेडचा रंग गडद होतो आणि ती लीडरच्या अंगात रुतलेली दिसते. रंग बदलला नसेल तर ती घसरणार. त्यानंतर चार-सहा अर्धगाठी, लीडरचं जास्तीचं टोक कापायचं, झालं. हे पुण्यात, घरी, दिव्याच्या उजेडात शिका. पहाटे चार वाजता हरिहरेश्वरच्या कातळावर वाऱ्यात शिकायची ही गोष्ट नाही. तोवर दुहेरी युनि गाठ चालते. जरा जाड होते, पण भरवशाची आहे. तीत ब्रेडेडच्या बाजूला वेढे जास्त द्यावे लागतात, कारण ती निसरडी असते.

कोणतीही गाठ आवळण्याआधी ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणाने तापते, आणि पॉलिइथिलीन दीडशे अंशांच्या आतच वितळतं. नायलॉनही त्या उष्णतेने दुबळं होतं.

तर मग पुण्याहून महिन्यातून एकदा जाणाऱ्याने, एकच रीळ असेल तर काय भरावं? आठ धाग्यांची वीस पौंडाची ब्रेडेड, दीडशे ते दोनशे मीटर, ३००० किंवा ४००० मापाच्या रिळावर. सोबत मोनोच्या लीडरची दोन छोटी बंडलं, तीस आणि पन्नास पौंडाची. एवढ्यावर खाडी, कातळ, बंदराचा धक्का आणि वाळू, चारही जागा होतात. फक्त आमिष टाकून बसायचं असेल, मुलांना सोबत नेणार असाल किंवा खर्च कमी ठेवायचा असेल, तर पंधरा-वीस पौंडाचा चांगला मोनो घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र तुळशीबागेत मणी ओवायला मिळतो तो तंगूस नको. त्यावर ताकद छापलेली नसते आणि तो गाठीत फसवतो.

ब्रेडेड गुळगुळीत स्पूलवर थेट बांधली तर सगळी गुंडाळी स्पूलवर गरगर फिरते, ड्रॅग लागतच नाही. खाली थोडा मोनो भरावा. किती, ते रिळावरच्या आकड्यांवरून काढता येतं. समजा ‘०.३० मिमी – २०० मीटर’ लिहिलंय आणि तुमची ब्रेडेड ०.२० मिमीची दीडशे मीटर आहे. लांबी गुणिले जाडीचा वर्ग केला तर स्पूलची जागा १८, ब्रेडेडची ६. उरलेल्या १२ मध्ये ०.३० मिमीचा मोनो साधारण १३० मीटर बसेल. काठापासून दोन-तीन मिमी मोकळं राहिलं की बरोबर भरलं. काठोकाठ भरलंत तर वेढे आपोआप सुटतात. फार कमी भरलंत तर लाईन काठावर घासून फेक आखूड होते.

ड्रॅग लाईनच्या ताकदीच्या पाव ते तीस टक्के. वीस पौंडाला सव्वादोन ते पावणेतीन किलो. बॅगा तोलायचा हातकाटा गळाला अडकवून ओढून बघा, अंदाजाने ठेवू नका.

लाईन तळाला अडकली तर ब्रेडेड हाताला गुंडाळून कधीच ओढू नका. ती कातडी सहज कापते. एखाद्या काठीला चार वेढे द्या, रॉड सरळ लाईनच्या दिशेने धरा आणि मागे सरका. तुटलेले तुकडे खिशात टाका, किनाऱ्यावर नकोत. वेळास-आंजर्ल्याला कासवं अंडी घालायला येतात, आणि पक्ष्यांच्या पायांत हे दोरे अडकतात. नायलॉन लवकर कुजत नाही.

घरी परतल्यावर स्पूल साध्या पाण्याखाली धुवा, मिठाचे कण धाग्यांत राहिले तर तेच आतून घासत राहतात. सावलीत वाळवा. मोनो गॅलरीतल्या उन्हात किंवा एप्रिल-मेमध्ये गाडीच्या काचेमागे ठेवू नका, उन्हातल्या अतिनील किरणांनी नायलॉन ठिसूळ होतं. मोनो दर हंगामाला बदलावा. ब्रेडेड मात्र टाकू नका. वापरात येतात ती वरची पन्नास-साठ मीटरच. रंग उडालेली, केसाळ झालेली. आतली जवळजवळ कोरी असते. दुसऱ्या एखाद्या रिळावर उलटी गुंडाळून घ्या, म्हणजे जुनं टोक तळाशी जाईल आणि आतली लाईन वर येईल.